वाटेवरचा संसार : रमाबाई आणि न्यायमूर्ती रानडे यांच्या प्रवासाचा सामाजिक इतिहास

प्रस्तावना

एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्राच्या प्रबोधनाचा इतिहास बहुधा सभा, संस्था, वृत्तपत्रे आणि वादविवाद यांच्या आधारे लिहिला गेला आहे. त्या इतिहासाचे रंगस्थान म्हणजे पुण्याचा वाडा, हिराबाग, नगरवाचन मंदिर किंवा मुंबईचे टाऊन हॉल. या ठरावीक स्थळांच्या दरम्यान जो रस्ता पसरलेला होता, त्याकडे मात्र अभ्यासकांचे फारसे लक्ष गेलेले नाही. महादेव गोविंद रानडे (१८४२-१९०१) आणि रमाबाई रानडे (१८६२-१९२४) या दांपत्याच्या सहजीवनाचा मोठा भाग अशा रस्त्यावर, मुक्कामाच्या गावी, तंबूत आणि रेल्वेच्या डब्यात गेला. रमाबाईंनी १९१० साली प्रसिद्ध केलेल्या ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ या ग्रंथात त्याच्या पाऊलखुणा जागोजागी आढळतात. या ग्रंथाला गोपाळ कृष्ण गोखले यांची प्रस्तावना आहे. मराठीतील स्त्रीलिखित आत्मपर वाङ्मयात त्याचे स्थान मानाचे आहे.

या ग्रंथाचे वाचन आजवर मुख्यतः दोन दृष्टींनी झाले. एका दृष्टीने तो एका थोर पुरुषाचे पत्नीने लिहिलेले चरित्र ठरतो, तर दुसऱ्या दृष्टीने एका पतिनिष्ठ स्त्रीच्या शिक्षणाची कहाणी ठरतो. दोन्ही वाचनांत रमाबाईंच्या शिक्षणाचे श्रेय जवळजवळ संपूर्णपणे रानड्यांच्या इच्छाशक्तीला दिले जाते. ती इच्छाशक्ती नि:संशय होती. पण पुण्याच्या एकत्र कुटुंबाच्या वाड्यात ती पुरी पडत नव्हती, हेही त्याच ग्रंथावरून दिसते. मग हे शिक्षण घडले कोठे? प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा शोध प्रवासाच्या अंगाने घेण्याचा प्रयत्न केला आहे. बदली आणि फिरती या वसाहतकालीन नोकरीच्या अटींनी या दांपत्याला वाड्याबाहेरची जी मोकळीक मिळवून दिली, तिच्यातच रमाबाईंचे सार्वजनिक व्यक्तिमत्त्व आकारास आले, असे येथील प्रतिपादन आहे.

वाड्यातील शिक्षणाच्या मर्यादा

रमाबाईंचा जन्म तत्कालीन सातारा जिल्ह्यातील देवराष्ट्रे या गावी कुर्लेकर घराण्यात झाला. हे गाव आज सांगली जिल्ह्यात मोडते. १८७३ साली, वयाच्या अकराव्या वर्षी, त्यांचा विवाह रानड्यांशी झाला. रानडे त्या वेळी एकतीस वर्षांचे, विधुर आणि पुण्यात पहिल्या वर्गाचे सबजज्ज होते. विधवाविवाहाचा पुरस्कार करणाऱ्या मंडळींत ते अग्रभागी असल्यामुळे त्यांनी विधवेशी विवाह करावा अशी सुधारकांची अपेक्षा होती. वडिलांच्या आग्रहापुढे त्यांनी मान तुकवली, आणि त्याबद्दलची टीका त्यांना आयुष्यभर सहन करावी लागली. कदाचित त्या पराभवाची भरपाई म्हणूनही असेल, त्यांनी विवाहानंतर लगेच पत्नीस अक्षरओळख करून देण्यास प्रारंभ केला.

वाड्यातील वडीलधाऱ्या स्त्रियांना हे रुचणारे नव्हते. त्या विरोधाला केवळ दुष्टपणा म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. ज्या घरात वैधव्य आलेली नणंद वावरत होती, वयाने मोठ्या स्त्रियांचे सारे आयुष्य सोवळे-ओवळे, व्रतवैकल्ये आणि स्वयंपाकघर यांत गेले होते, तेथे नव्याने आलेल्या मुलीने पाटीपेन्सिल घेऊन बसणे म्हणजे घरातील अधिकाराची उतरंड उलटी करणे होते. पुढे इंग्रजी शिकवावयास येणाऱ्या गोऱ्या बाईंशी स्पर्श झाला म्हणून धड्यानंतर रमाबाईंना शुद्ध व्हावे लागे. शिकणे रात्री, दाराआड. आणि दिवस टोमणे गिळण्यात जाई. पतीचा आग्रह आणि घरातील स्त्रियांचा रोष यांच्या कात्रीत सापडलेल्या या मुलीने दोन्हीकडे निमूटपणे सांभाळून घेतले. रानडेही घरात उघड संघर्ष टाळत असत. वाड्याच्या चौकटीत सुधारणेची गती मंद राहिली, ती यामुळे.

बदली : वेगळ्या संसाराचे कारण

इंग्रजी राजवटीत न्याय, महसूल, टपाल, शिक्षण या खात्यांतील एतद्देशीय नोकरदारांना गावोगाव बदलून जावे लागे. एकत्र कुटुंबाची मुळे एका गावात रुतलेली असत आणि नोकरी मात्र फिरती असे. या विसंगतीतून ‘बिऱ्हाड’ नावाची एक नवी गोष्ट मध्यमवर्गाच्या आयुष्यात आली. पतिपत्नी दोघेच, किंवा फार तर एखादा धाकटा नातलग सोबत घेऊन, परक्या गावी राहू लागली.

या बिऱ्हाडाचे सामाजिक महत्त्व समजण्यास आनंदीबाई जोशी यांचे उदाहरण उपयोगी पडते. टपालखात्यात असलेले गोपाळराव जोशी पत्नीस घेऊन कल्याणहून अलिबाग, कोल्हापूर, भूज, कलकत्ता असे फिरत राहिले. प्रत्येक बदलीने आनंदीबाई नात्यागोत्याच्या धाकापासून एकेक पाऊल दूर गेल्या. त्याच वाटेवर, २४ फेब्रुवारी १८८३ रोजी, श्रीरामपूर येथील महाविद्यालयात त्यांनी अमेरिकेस जाण्यामागील आपली भूमिका सभेसमोर मांडली आणि एप्रिल महिन्यात कलकत्त्याहून त्या जहाजात बसल्या. जोशी आणि रानडे या दोन दांपत्यांचे स्वभाव भिन्न होते. गोपाळरावांचा हट्ट कठोर होता, तर रानड्यांचा आग्रह सौम्य. तरीही दोन्ही ठिकाणी स्त्रीच्या शिक्षणाला नोकरीतील बदलीने वाव दिला, हे साम्य योगायोगाचे नाही.

१८७८ साली रानड्यांची बदली नाशिकला झाली. त्या वेळी रमाबाई सोळा वर्षांच्या होत्या. नाशिकचे बिऱ्हाड हा त्यांचा पहिला स्वतंत्र संसार. घरखर्चाचा हिशेब ठेवणे, आल्यागेल्याची व्यवस्था पाहणे, पतीबरोबर मोकळ्या हवेत फिरावयास जाणे या साध्या गोष्टी त्यांना येथे प्रथम करता आल्या. मुलींच्या शाळेच्या समारंभाच्या निमित्ताने चारचौघांसमोर आभाराचे शब्द बोलण्याचा पहिला प्रसंगही नाशिकचाच. पुण्याच्या वाड्यात हे घडते तर त्याचा गवगवा झाला असता. गोदावरीच्या काठी, कर्मठपणासाठी प्रसिद्ध असलेल्या या तीर्थक्षेत्रात मात्र ते पार पडले, कारण तेथे त्यांना जाब विचारणारे घर नव्हते. सनातन वातावरण आणि कौटुंबिक दडपण या दोन गोष्टी आपण सहसा एकच समजतो. रमाबाईंच्या अनुभवात त्या वेगळ्या होत्या, आणि दुसरी अधिक जड होती.

१८७९ साली वासुदेव बळवंत फडके यांच्या बंडाने पुण्यातील वातावरण तापले. त्या वर्षीच्या मे महिन्यात बुधवारवाड्याला आणि विश्रामबागवाड्याला आगी लागल्या. सरकारचा संशय पुण्याच्या विचारवंत वर्गावर गेला आणि रानड्यांना धुळ्यास हलविण्यात आले. त्यांच्या पत्रव्यवहारावरही नजर ठेवली जात होती. पतीच्या दृष्टीने ही बदली म्हणजे एक प्रकारची शिक्षा होती. पत्नीच्या दृष्टीने तोच एकांत अभ्यासाला पोषक ठरला. नाशिक-धुळ्याच्या या काळातच त्यांच्या इंग्रजीच्या अभ्यासाला चालना मिळाली. एकाच घटनेचे राजकीय इतिहासातील आणि स्त्रीच्या इतिहासातील अर्थ किती वेगळे असू शकतात, याचा हा बोलका पुरावा आहे.

फिरती : चार जिल्ह्यांचा परिसर

१८७५ साली सुपे येथे सावकारांच्या विरोधात शेतकऱ्यांनी केलेला उठाव आणि त्यापाठोपाठ १८७६-७८ चा भीषण दुष्काळ यांच्या पार्श्वभूमीवर सरकारने १८७९ साली दक्षिणेतील शेतकऱ्यांचा कर्जनिवारणाचा कायदा केला. पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांना तो लागू होता. या कायद्याखालील न्यायालये, गावमुन्सफ आणि तडजोड घडवून आणणारे सलोखेदार यांच्या कामाची देखरेख करण्यासाठी विशेष न्यायाधीशाचे पद निर्माण करण्यात आले. रानड्यांनी १८८१ पासून साहाय्यक विशेष न्यायाधीश म्हणून आणि १८८७ ते १८९३ या काळात विशेष न्यायाधीश म्हणून हे काम केले. कचेऱ्यांची तपासणी जागेवर जाऊन करावयाची असल्यामुळे वर्षातील कित्येक महिने फिरतीत जात. रमाबाई या फिरतीत त्यांच्याबरोबर असत.

हा परिसर निसर्गाने आणि इतिहासाने समृद्ध होता. पश्चिमेस सह्याद्रीच्या कुशीतील मावळ आणि कृष्णेच्या घाटांनी शोभणारी वाई. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी, १८४८ पर्यंत छत्रपतींची गादी असलेले सातारा. कृष्णा-कोयनेच्या संगमावरचे कऱ्हाड. उत्तरेस शिवनेरीच्या सावलीतील जुन्नर, निजामशाहीची राजधानी राहिलेले आणि चांदबिबीच्या पराक्रमाने स्मरणात उरलेले अहमदनगर. पूर्वेस भुईकोट किल्ल्याचे सोलापूर आणि चंद्रभागेच्या वाळवंटातील पंढरपूर. पावसाने भिजणाऱ्या मावळापासून अवर्षणाने करपणाऱ्या माणदेशापर्यंत जमिनीचा पोत, पीक, बोली आणि माणसांचा पेहराव कोसाकोसावर बदलत जाई.

रेल्वेने १८५८ मध्ये पुणे आणि १८६० मध्ये सोलापूर गाठले होते. दौंड-मनमाड मार्गामुळे १८७८ मध्ये अहमदनगरही जोडले गेले. सातारा जिल्ह्यात मात्र १८८१ साली रेल्वे नव्हती, आणि इतर जिल्ह्यांतही स्टेशन सोडले की बैलगाडीशिवाय गत्यंतर नसे. बैलाच्या चालीने होणाऱ्या या प्रवासाने वेळ भरपूर दिला. रानड्यांची दृष्टी अधू असल्यामुळे वर्तमानपत्रे, पत्रे आणि पुस्तके त्यांना वाचून दाखवावी लागत. रमाबाई हळूहळू त्यांच्या वाचक बनल्या. येथे शिकणे आणि उपयोगी पडणे ही एकच क्रिया झाली. वाड्यात त्यांचे वाचन हा घरातील कामातून चोरलेला वेळ होता. फिरतीत वाचन हेच त्यांचे काम ठरले. शिक्षणाच्या इतिहासात हा फरक लहान नाही. जे ज्ञान कुणाच्या तरी नित्य गरजेशी जोडले जाते, त्याला घरात मान मिळतो.

पहाटे तुकाराम-नामदेवांचे अभंग म्हणण्याची रानड्यांची सवय होती. अशा या गृहस्थाने १९०० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या मराठी सत्तेच्या उत्कर्षाच्या इतिहासात दोन गोष्टींवर भर दिला. डोंगराळ मुलूख आणि गडकोट यांनी मराठ्यांना आधार दिला, आणि संतांच्या चळवळीने जातीजातींत एकोप्याची भावना रुजवून स्वराज्याची भूमी तयार केली, हे ते दोन मुद्दे होत. फिरतीमुळेच हा सिद्धांत सुचला, असा सरळ कार्यकारणभाव लावता येणार नाही. तथापि ज्या इतिहासकाराने वर्षानुवर्षे गडांच्या पायथ्याशी आणि वारीच्या वाटेवर मुक्काम केले, त्याच्या ग्रंथात भूगोल आणि भक्ती यांना मिळालेले स्थान केवळ ग्रंथालयातून आलेले नसावे, असे मानण्यास जागा आहे. ज्या रस्त्याने इतिहास दिसत होता, त्याच रस्त्याने कर्जाचे दस्तऐवज आणि गहाण पडलेल्या जमिनीही दिसत होत्या. सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकातील रानड्यांच्या आर्थिक लेखनातील शेतीविषयक आस्था याच मातीतून आली.

सिमला आणि कलकत्ता

१८८६ साली सरकारी खर्चाच्या काटकसरीचा विचार करण्यासाठी नेमलेल्या अर्थसमितीवर रानड्यांची नियुक्ती झाली. सर चार्ल्स इलियट या समितीचे अध्यक्ष होते. या निमित्ताने रानडे दांपत्याने सिमला, कलकत्ता असा लांबचा प्रवास केला. मुंबई-कलकत्ता रेल्वेमार्ग १८७० पासून सलग झाला होता. कालका-सिमला रेल्वे मात्र १९०३ ची. १८८६ साली अंबाल्यानंतर पुढे टांग्याने डोंगर चढावा लागे. देवराष्ट्र्याच्या मुलीला हिमालयाचे दर्शन घडविणारा हा प्रवास साम्राज्याच्या आर्थिक काटकसरीमुळे घडला, ही इतिहासाची गंमतच म्हणावयाची.

कलकत्त्यातील एक हकीकत विशेष लक्षणीय आहे. रानड्यांनी बंगाली वर्तमानपत्र विकत घेतले, तेव्हा वाचता येत नसताना ते कशाला घेतले, असे रमाबाईंनी सहज विचारले. रानड्यांना ते लागले. त्यांनी बंगालीची पुस्तके आणली आणि अभ्यास सुरू केला. श्मश्रू करावयास आलेल्या न्हाव्याकडूनही ते उच्चार आणि अर्थ विचारून घेत. पुढे हीच भाषा त्यांनी रमाबाईंनाही शिकविली. ही हकीकत सहसा रानड्यांच्या ज्ञानलालसेचे उदाहरण म्हणून सांगितली जाते. तिच्यातील दुसरी बाजू आपण पाहावयास हवी. येथे प्रश्न पत्नीने विचारला आहे. ज्या मुलीला तेरा वर्षांपूर्वी पाटीवर अक्षरे गिरवावी लागली, तिच्या एका साध्या शेऱ्याने उच्चपदस्थ न्यायाधीशाला विद्यार्थी व्हावे लागले. परक्या शहरात, परक्या लिपीसमोर दोघेही सारखेच निरक्षर होते. त्या बरोबरीत दोघांचे नाते गुरुशिष्यापासून सहाध्यायापर्यंत सरकले. पुण्याच्या वाड्यात असा प्रश्न मोठ्याने विचारता आला असता काय, याचा विचार वाचकांनी करावा.

पुढील काळात भारतीय सामाजिक परिषदेच्या अधिवेशनांसाठी रानडे दरवर्षी देशभर फिरले. १८८७ साली मद्रासला सुरू झालेली ही परिषद अलाहाबाद, नागपूर, लाहोर, अमरावती, लखनौ अशा शहरांत भरत गेली. सुधारणेचा विचार प्रांतांच्या सीमा ओलांडून जाण्यास या प्रवासांचे मोठे साहाय्य झाले.

वाटेवरील मर्यादा

रस्त्याने सर्वच बंधने तोडली, असा निष्कर्ष काढणे भाबडेपणाचे ठरेल. उच्चपदस्थ अधिकाऱ्याच्या मुक्कामामागे गाडीवान, शिपाई, स्वयंपाकी यांचे श्रम उभे असत. त्यांच्या आयुष्यात या प्रवासाने काय बदलले, हे आठवणींतून फारसे कळत नाही. जातीचे स्वयंपाकघर गाडीतून बरोबरच जाई. वाड्यात मागे राहिलेल्या स्त्रियांना, विशेषतः विधवांना, ही वाट खुलीच नव्हती. एका स्त्रीची सुटका झाली, ती इतरांना मागे ठेवून. पुण्यात परतल्यावर रमाबाईंना पुन्हा त्याच घरात आणि त्याच रोषात वावरावे लागे.

खुद्द रानड्यांनाही वाटेवर वर्णाचा अडथळा भेटला. रेल्वेच्या पहिल्या वर्गात एका गोऱ्या अधिकाऱ्याने त्यांचे सामान हलवून जागा बळकावल्याचा प्रसंग त्यांच्या चरित्रांतून वारंवार सांगितला जातो. तक्रार करण्याचा आग्रह झाला असता, आपण आपल्याच अस्पृश्य बांधवांशी कसे वागतो याची आठवण त्यांनी करून दिली. अपमानाच्या क्षणीही ज्याला स्वतःच्या समाजाचा दोष दिसतो, त्याचे प्रवासातील निरीक्षण किती अंतर्मुख असेल, याची यावरून कल्पना येते.

आणखी एक गोष्ट. एवढा प्रवास करूनही रमाबाईंच्या ग्रंथात निसर्गवर्णने बेताचीच आहेत. यावरून त्यांना सौंदर्यदृष्टी नव्हती असे समजणे चुकीचे होईल. हौशी प्रवाशाला देखावा दिसतो, कारण त्याच्या मागे घर सुरक्षित असते. रमाबाईंसाठी घरच प्रवासात होते. ज्या स्त्रीला प्रथमच मोकळेपणी बोलावयास, वाचावयास, हिशेब मांडावयास मिळत होते, तिच्या स्मरणात डोंगरापेक्षा डोंगराच्या पायथ्याशी झालेला धडा अधिक ठसला, हे स्वाभाविक होय.

समारोप

१९०१ साली रानडे निवर्तले, तेव्हा रमाबाई चाळिशीच्याही आत होत्या. १९०४ साली मुंबईस भरलेल्या भारत महिला परिषदेचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले. १९०८ साली मुंबईत स्थापन झालेल्या सेवासदनाच्या त्या अध्यक्ष झाल्या आणि १९०९ पासून पुण्यात सेवासदनाचे कार्य त्यांनी उभे केले. परक्या ठिकाणी जाऊन अपरिचितांत वावरणे, सभेत बोलणे, पैशाचा चोख हिशेब ठेवणे, अनेक जातिप्रांतांच्या स्त्रियांशी संवाद साधणे हे या कार्याला लागणारे गुण त्यांनी वाड्यात मिळविले नव्हते. नाशिकच्या बिऱ्हाडात, चार जिल्ह्यांच्या फिरतीत आणि सिमला-कलकत्त्याच्या वाटेवर त्यांची मशागत झाली होती. ज्या वाटेने एकटीची सुटका झाली, ती वाट विधवा आणि गरजू स्त्रियांसाठी संस्थेच्या रूपाने खुली करण्याचा प्रयत्न म्हणूनही सेवासदनाकडे पाहता येईल.

शेवटी ग्रंथाच्या नावाचा विचार करणे उचित होईल. रमाबाई आपल्या लेखनात पतीचा उल्लेख नाव न घेता ‘स्वतः’ असा करतात. १९३८ साली प्रसिद्ध झालेल्या इंग्रजी भाषांतराने नेमका हाच शब्द उचलून ‘हिमसेल्फ’ असे नाव दिले. १९६३ साली कुसुमावती देशपांडे यांनी केलेल्या अनुवादाच्या शीर्षकातही रानडेच अग्रभागी आहेत. मूळ मराठी नावातील पहिला शब्द मात्र ‘आमच्या’ असा आहे. भाषांतरांत हरवलेले हे अनेकवचन मूळ ग्रंथात जेथे सर्वाधिक खरे वाटते, ती पाने प्रवासाची आहेत. स्त्रियांच्या आत्मपर लेखनाकडे इतिहासाचे साधन म्हणून पाहताना घराच्या उंबरठ्याइतकेच घरापासून दूर नेणाऱ्या रस्त्याकडेही लक्ष द्यावयास हवे. महाविद्यालयातील इतिहासाच्या आणि मराठीच्या अध्यापकांनी ‘आठवणी’ पुन्हा हाती घेताना बदलीचे हुकूम, मुक्कामांची गावे आणि गाडीवाटा यांची नोंद करीत वाचल्यास, वाड्यातून न दिसणाऱ्या रमाबाई तेथे निश्चित भेटतील.